सातव्या मजल्यावरून अलाबामा

आमच्या ब्लॉकच्या सातव्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका बर्फाचा जाणकार अख्ख्या आशिया खंडात दुसरा नसेल, आणि इतका कमी बर्फ पाहिलेला जाणकार तर साऱ्या जगात नसेल. जन्म कराडचा, शिक्षण सांगलीचं आणि नोकरीची बत्तीस वर्षं सिंगापूरची, म्हणजे जिथे थंडी फक्त मॉलमध्ये आणि ऑफिसात मिळते तिथली. काकांनी प्रत्यक्ष पाहिलेला बर्फ दोनच प्रकारचा. एक फ्रीजमधला आणि दुसरा आमच्या इथल्या सेरंगूनच्या मार्केटात मासळीखाली पसरलेला. त्यातला दुसराही लांबूनच, कारण काका शाकाहारी. असं असूनही अमेरिकेतल्या कुठल्या गावात किती वाजता भुरभुर सुरू होणार, ती मातीवर टिकेल की नाही आणि शाळा सोडतील की नाही, हे ते पंख्याखाली बनियनवर बसून, वरणभात कालवावा इतक्या सहजपणे सांगतात. सांगतात म्हणजे तुम्ही न विचारताच सांगतात.

काका जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये होते. पहाटे कंपनीच्या बसने जायचं, गळ्यात पास अडकवायचा आणि दिवसभर भिंतीवरच्या आकड्यांवर नजर ठेवायची, की कुठली टाकी तापतेय आणि कुठला दाब चढतोय. ते निवृत्त झाले, पण त्यांच्यातला शिफ्ट इंजिनियर काही झाला नाही. "आकडा बघायचा नसतो गं, आकडा कुठे निघालाय ते बघायचं असतं," हे ते लिफ्टमध्ये मला निदान शंभर वेळा तरी बोलले असतील. अजूनही आंघोळीला जाण्यापूर्वी ते काकूंना रीतसर शिफ्ट हँडओव्हर करतात. "दूध तापवून झाकलंय. बेलचा आवाज बारीक झालाय, लक्ष ठेव. आठव्या मजल्यावर ड्रिलिंग चालू आहे." काकू भाजी चिरताना मान डोलावतात. मान डोलावली नाही तर काका टॉवेल खांद्यावर टाकून तिथेच उभे राहतात, कारण समोरच्याने ताबा घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही हा प्लांटचा नियम आहे.

आता इतका हवामानाचा नाद असलेला माणूस सिंगापूरच्या पावसाबद्दल तरी बरोबर सांगत असेल, असं कुणालाही वाटेल. छे! सिंगापूरचा पाऊस आणि काका यांचं मागच्या जन्मीचं वैर आहे. माझ्या मुलीचा, सईचा, आठवा वाढदिवस आम्ही ईस्ट कोस्टला समुद्राकाठी करायचा ठरवला होता. काकांनी आदल्या दिवशी खाली येऊन बजावलं की दुपारी दोन ते सहा धो धो कोसळणार. आम्ही घाबरून सगळं रद्द केलं आणि बावीस मुलं आमच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोंबली. दोन ते सहा असं लख्ख ऊन पडलं की वाळत घातलेले पापडही कडकडीत झाले असते. सई खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघत होती, आणि तिच्या त्या चेहऱ्याची आठवण तिने काकांना पुढे कित्येक वर्षं विसरू दिली नाही. काकांचं म्हणणं असं की दोष त्यांचा नाही, इथल्या हवेला चालच नाही. "सरळ रेघ, सरळ रेघ, आणि मध्येच धबाधबा. ह्याला काय हवा म्हणतात?" मग ज्या हवेला चाल आहे तिच्याकडे ते वळले. तशी हवा त्यांना अमेरिकेत सापडली.

त्यांची पद्धत ऐकाल तर चाट पडाल. इंटरनेटवरचे नकाशे ते बघतात, पण त्यावर त्यांचा भरवसा अर्धाच. उरलेला अर्धा माणसांवर. थंडी वरून खाली उतरते, तर तिच्या वाटेवरच्या प्रत्येक राज्यात आपलं एक माणूस पाहिजे, हा त्यांचा हिशेब. आणि माणसं शोधणं हे काकूंचं खातं. काकूंना आकाशातलं काही कळत नाही, पण कुणाची पुतणी कुणाकडे दिली आणि ती आता कुठे असते, हे त्यांना तोंडपाठ आहे. मिनेसोटात काकूंच्या मावसबहिणीचा जावई, ओक्लाहोमात एका नणंदेच्या दिराचा मुलगा, आर्कान्सात कराडच्याच शेजाऱ्यांची सून. यातल्या निम्म्या लोकांना काकांनी कधी पाहिलेलं नाही. तरी सकाळी सातला आणि रात्री नऊला फोन जातो. "नमस्कार, मी सिंगापूरहून बोलतोय. जरा अंगणात जाता का?"

एकदा मी समोर बसले असताना ओक्लाहोमाचा फोन चालू होता. काकांना वारा कुठून येतो ते हवं होतं. तो बिचारा तिकडे चपला घालून बाहेर आला, पण त्याला उत्तर दिशा सापडेना.

"घरात देव आहेत ना?" काकांनी विचारलं.

"आहेत की."

"पूर्वेकडे तोंड करून बसवलेत?"

"हो, आईनेच बसवलेत."

"मग देवांच्या डाव्या हाताला उत्तर. तिकडे तोंड करून उभे राहा आणि वारा कुठल्या कानाला लागतोय ते सांगा."

थोड्या वेळाने फोनमधून आवाज आला, "डाव्या कानाला काका. झोंबतोय."

काकांनी वहीत लिहिलं. काकू आतून म्हणाल्या, "फ्रीजमधलं दही संपलंय ह्याचा ह्यांना पत्ता नसतो, आणि ओक्लाहोमातल्या पोराचे कान तपासतायत!" पण त्या पोराच्या बायकोला बरं नव्हतं ते आता कसं आहे, हे त्यांनी फोन हिसकावून विचारलंच.

मी हसायचे. आमचे हे तर काकांना भेटले की विचारायचे, "काका, माझ्या प्रमोशनचा दाब चढतोय का?" काकाही गंभीरपणे सांगायचे, "स्थिर आहे." अशी आमची थट्टामस्करी चालायची, गेल्या हिवाळ्यापर्यंत.

सई लग्न होऊन अलाबामात गेली, अमेरिकेच्या पार दक्षिणेला. तिकडे हिवाळाही आपल्या महाबळेश्वरसारखा, स्वेटर घातला तर घातला. गेल्या हिवाळ्यात तिला नववा लागला होता. जावई कामासाठी दुसऱ्या राज्यात गेला होता, तो रविवारी परतणार होता. बाळंतपणाला तीन आठवडे होते आणि माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. सगळं कसं नीट बसवलेलं. अशा वेळी एका संध्याकाळी काका वही काखेत मारून चौथ्या मजल्यावर, आमच्याकडे आले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

"सईच्या घरापासून हॉस्पिटलपर्यंत मध्ये पूल आहे का?" त्यांनी विचारलं.

आहे की. नदीवरचा चांगला मोठा पूल आहे, मी त्यावरून गेलेही आहे. काका खुर्चीत बसले. म्हणाले, मिनेसोटात पारा पडतोय ते नेहमीचंच, पण ह्या वेळी थंडी खाली सरकतेय आणि थांबत नाहीये. दक्षिणेच्या समुद्रावरून दमट वारा वर चाललाय. दोन्ही पाइप एकाच टाकीत सुटणार आणि ती टाकी म्हणजे अलाबामा. शुक्रवारी दुपारी चारपासून. "आधी पाऊसच पडेल. पण टेकेल तिथे काच होईल. वरून बर्फ. पूल सगळ्यात आधी गोठतो, कारण त्याला वरून खालून दोन्हीकडून वारा लागतो. आणि त्या लोकांकडे बर्फ उपसायच्या गाड्या नाहीत, कारण त्यांना कधी लागतच नाहीत."

माझ्या फोनवर सईच्या गावापुढे पिवळाधमक सूर्य दिसत होता. मी तो काकांना दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि फोन पालथा घालून टेबलावर ठेवला.

मी तेव्हाच निघते म्हटलं, तर त्यालाही त्यांची ना. "तू आत्ता निघालीस तर वादळाबरोबर पोचशील आणि मध्येच कुठल्यातरी विमानतळावर अडकशील. तिला हलवायचं. पूल ओलांडून पलीकडे." पलीकडे कोण? काकूंनी दहा मिनिटांत माणूस काढलं. काकांच्या साडूची पुतणी, हॉस्पिटलच्या मागच्याच रस्त्याला राहते, चालत दहा मिनिटं. नवरा-बायको दोघंच. सईने त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.

सईला फोन लावला. ती खळखळून हसली. "मा, इट्स सो सनी लाह! मी शॉर्ट्समध्ये बसलेय. आणि अंकलचं फोरकास्ट? माझा एट्थ बर्थडे आठवतोय ना?"

मी काकांकडे पाहिलं. ते ऐकत होते. त्यांनी फोन मागून घेतला.

"तुझा आठवा वाढदिवस मी बुडवला," ते म्हणाले. "मान्य. ह्या वेळीही चुकलो, तर तू दोन दिवस परक्या घरी वरणभात खाशील आणि मला आयुष्यभर चिडवशील. चालेल मला. पण बरोबर ठरलो आणि तू पुलाच्या अलीकडे असलीस, तर मला चालणार नाही."

मग सई म्हणाली, "ओके, अंकल. ओन्ली टू डेज, हां."

त्यानंतरचे तीन दिवस काकांनी तिच्याकडून प्लांटसारखी तयारी करून घेतली. गाडीची टाकी भर. हॉस्पिटलची फाइल पिशवीत घाल. घरातले नळ बारीक धारेने सोडून ठेव, नाहीतर पाइप फुटतील. "केलंस? आत्ता कर. मी लाइनवर आहे." मिनेसोटाच्या जावयाने सांगितलं की काचेसारख्या बर्फावर चालायची वेळ आली तर बुटांवरून लोकरीचे मोजे चढवावेत, पाय घसरत नाही. काकांना हे पटलं, पण खात्री केल्याशिवाय पुढे सांगणं त्यांच्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुटांवर मोजे चढवून मार्केटात गेले आणि मासळीवाल्या आंटीने जमिनीवर ओतलेल्या बर्फावर एक पाय ठेवून उभे राहिले. आंटी म्हणाली, "अंकल, यू बाय फिश ऑर नॉट?" शाकाहारी माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक पापलेट घेतला आणि तो आमच्याकडे आणून दिला. "घसरत नाही," ते म्हणाले, आणि मोजे झटकत लिफ्टकडे गेले.

शुक्रवारी दुपारी, तिकडची दुपार, सई पूल ओलांडून त्या घरी पोचली. चार वाजले. ऊन. पाच वाजले. तरीही ऊन. इथे शनिवारची सकाळ होती आणि काकांच्या घरी मी सकाळी सहापासून बसून होते. सईचा फोन आला, आवाजात वैताग मावत नव्हता. "मा, आकाश ब्लू आहे. मी घरी जाते. ह्या लोकांना किती त्रास द्यायचा? सो पैसे, लाह." सिंगापूरला वाढलेली मुलगी, अवघडलेपण सांगायला तिला हाच इथला चिनी शब्द सापडतो, आपल्या पैशांशी त्याचा संबंध नाही. काका वही उलटीसुलटी करत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना काही बोलले नाही, पण मनात फार बोलले, हे आज कबूल करते.

सई घरी गेली नाही, त्याचं कारण काका नव्हते. त्या साडूच्या पुतणीने विचारलं होतं, डोहाळजेवण झालं का? सईचं झालंच नव्हतं. सातव्या महिन्यात मी इथे, ती तिथे, राहूनच गेलं होतं. त्या बाईने दुपारीच पुरण शिजत घातलं होतं, नवऱ्याला पिटाळून फुलं आणवली होती, आणि आता हिरवी साडी इस्त्री करत होती. नववा लागल्यावर करतात का, हे तिने काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "पोरीची इच्छा राहिलीय ना? मग कर. देव काही पंचांग घेऊन बसत नाही." आता फुलांच्या वाड्या घातल्यावर, ओटी भरल्यावर, समोर पुरणपोळी वाढल्यावर, 'मी निघते' असं कुठली मराठी मुलगी म्हणेल? सिंगापूरची असली तरी म्हणणार नाही. ती जेवली, तिथेच आडवी झाली, झोपून गेली.

तिकडच्या शनिवारी सकाळी सहाला पाऊस सुरू झाला आणि टेकेल तिथे काच झाला. साडेसहाला लाइट गेले. बर्फ भुरभुरायला लागला. आणि सईच्या पोटात कळा सुरू झाल्या, तीन आठवडे आधी. अ‍ॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, रस्त्यावर झाडं पडलीत, कधी पोचू सांगता येत नाही. पूल तर बंदच केला होता. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजत होते, काकांच्या फोनची वेळ.

"चालत निघा," काका म्हणाले. "बुटांवर मोजे. तिला मध्ये घ्या. चालताना बोलू नका. फोन खिशात ठेवा, बंद करू नका."

दहा मिनिटांच्या त्या रस्त्याला त्यांना चाळीस मिनिटं लागली. आम्ही सेरंगूनच्या त्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून ती चाळीस मिनिटं ऐकली. तीन माणसांच्या पावलांखाली काहीतरी कुरकुर मोडत होतं. मध्येच सईचं कण्हणं, मग थांबणं, मग त्या बाईचा आवाज, "हळू गं बाई, झालंच." काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. काका उभे होते, पूर्ण वेळ. मग दार सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी इंग्रजीत "ओ माय, हनी" असं म्हणालं, आणि काकांनी खुर्चीला धरून स्वतःला खाली बसवलं.

इथल्या रविवारी सकाळी सातला त्यांचा नेहमीचा फोन गेला तेव्हा उत्तर मिळालं. मुलगी. दोघी सुखरूप. मी रडले, काकू रडल्या, आणि काका वही घेऊन बाल्कनीत गेले. मी आभार मानायला मागोमाग गेले, तर ते भलत्याच कारणाने खचलेले.

"चौदा तास चुकलो," ते म्हणाले. "शुक्रवार चार सांगितलं, आलं शनिवारी सहाला."

काकूंनी चष्मा लावून वही पाहिली आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक फोनची वेळ काकूच वहीत उतरवत, आणि नवऱ्याला त्रास नको म्हणून इथल्या वेळेतून चौदा तास वजा करून तिकडची वेळ लिहीत. काकांना ते माहीतच नव्हतं. त्यांनी त्यातून पुन्हा चौदा तास वजा केले होते. अंदाज मिनिटाला बरोबर होता, वजाबाकी दोनदा झाली होती. त्यावरून दोघांचं जे जुंपलं ते मी ऐकत उभी राहिले आणि मध्येच दोघांपुढे हात जोडले. कारण काकांनी बरोबर वेळ सांगितली असती, शनिवार सहा, तर माझी लेक म्हणाली असती, मग शनिवारी पहाटे जाते. मी ओळखते तिला, पहाटे तिचा डोळाच उघडत नाही. त्या रात्री ती पुलाच्या अलीकडे, एकटी असती. माणसाच्या हुशारीचे उपकार मानावेत हे ठीक, पण मी तर ह्या दोघांच्या चुकीचेही उपकार मानते, आणि अगदी मनापासून मानते.

मी अलाबामाला गेले, दोन महिने नात मांडीवर घेऊन परत आले. आल्यावर आंबावड्यांचा डबा घेऊन सातव्या मजल्यावर गेले. काका अंघोळीला गेले होते, तर काकूंनी मला ती वही दाखवली. प्रत्येक गावाला एक पान, पानाच्या डोक्यावर गावाचं नाव आणि त्याखाली माणसाचं. सईच्या पानावर, त्या शनिवारच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात 'मुलगी झाली' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी पानं उलटत गेले. पुतण्या, भाचे, सुना, शेजाऱ्यांची मुलं. मी सहज विचारलं, "काकू, ह्यात तुमच्या जवळचं असं कुठलं पान?"

"आमचं कोण आहे गं बाहेर?" काकू डबा उघडत म्हणाल्या. "आम्हाला मूल झालं असतं तर त्याचं असतं एखादं. ही सगळी लोकांची."

त्या आवाजात दुःख नव्हतं, दही संपलंय सांगतात तसंच सांगितलं. मी एका लेकीसाठी चार दिवस जीव मुठीत धरून बसले होते, आणि हा माणूस वर्षानुवर्षं इतक्यांच्या लेकरांसाठी रोज दोनदा बसतो, आणि आम्ही त्याला हसत होतो.

काका बाहेर आले, मला बघून खूश झाले. मी म्हटलं, सईने दोघांनाही बोलावलंय, येत्या हिवाळ्यात, तिकीट तीच काढणार म्हणतेय, एकदा मिनेसोटापर्यंत जाऊन खरा बर्फ बघा. काकांचा चेहरा क्षणभर असा उजळला की मला वाटलं, हो म्हणणार. मग त्यांनी मान हलवली.

"मी तिकडे जाऊन बसलो तर इकडून लक्ष कोण ठेवणार?"

यावर मी हसू शकले नाही. त्यांचे खरे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही. वड्या त्यांनी तशाच काकूंकडे सरकवल्या होत्या. निघताना दारात त्यांनी मला थांबवलं. "तुझ्या नणंदेचा मुलगा युरोपात कुठेसा असतो ना?"

डेन्मार्कला असतो. तिशीचा आहे, धडधाकट आहे, आणि कुणी चौकशी केलेली त्याला मुळीच खपत नाही. आधीची मी असते तर काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. त्या दिवशी घरी आले, चपलाही काढल्या नाहीत, आणि काकांना त्याचा पत्ता आणि फोन नंबर पाठवून दिला.